सिग्नलवाल्याचा फोन येत नाही म्हणून पेन्शनचा अर्ज करावा का?

पत्र: माझे यजमान सिग्नल कोअरमध्ये हवालदार आहेत, ऑपरेटर म्हणून. वय ३७, नोकरी १७ वर्षे. गेलं वर्षभर फील्डमध्ये आहेत, पत्ता ९९ एपीओ (लष्करी टपाल कार्यालय). मी सासूबाई आणि दोन मुलांबरोबर कोरेगाव तालुक्यात राहते. मुलगा आठवीला, मुलगी दुसरीला. फोन कधी रोज येतो, कधी आठ-आठ दिवस नाही. आला तरी वेगळ्याच नंबरवरून, दोन-तीन मिनिटं. कुठे आहात, काय काम करता, विचारलं की विषय बदलतात. मुलाने त्यांचा वर्दीतला फोटो इन्स्टावर टाकला तर एवढे चिडले की मुलगा दोन दिवस जेवला नाही. सुट्टीवर आले की रात्री दोनला उठून बसतात. आता म्हणतात, "अर्ज टाकतो, पेन्शन येतो. चाकणला एका कंपनीत पस्तीस हजाराचं काम मिळतंय." सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना दुसरा आधार नाही. मलाही वाटतं, यावं आता घरी. पण भाऊ म्हणतो, थांबा. शिवाय लष्करी नोंदीत माझ्या नावापुढे "देवी" लागलंय, आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव आहे, बँकेत अजून माहेरचं. त्याने काही अडेल का? काय करू? (एक वाचक, जि. सातारा)

ताई, घाईचा प्रश्न पेन्शनचा आहे, पण त्याचं मूळ फोनमध्ये आहे. म्हणून आधी फोनचं बोलू.

सिग्नलच्या माणसाचं काम म्हणजे दुवा चालू ठेवणं. वायरलेस असो, केबल असो की एक्सचेंज, पलीकडून हाक आली तर इकडून उत्तर गेलंच पाहिजे, दिवस असो की रात्र. १५ फेब्रुवारी १९११ ला उभ्या राहिलेल्या या कोअरचं ब्रीदच "तीव्र चौकस" आहे, आणि त्यातल्या "चौकस" या शब्दाचा भार ऑपरेटरच्या झोपेवर पडतो. एखाद्या उंचावरच्या डिटॅचमेंटवर, म्हणजे मुख्य तुकडीपासून दूरच्या छोट्या ठाण्यावर ("डेटवर"), तीन ऑपरेटर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे ८ तास येतात. एक सुट्टीवर गेला की उरलेल्या दोघांना १२-१२ तास. दुसरा तापाने पडला तर काय होत असेल ते तुम्हीच बघा. त्यात बॅटऱ्या चार्ज करणं, जनरेटरला डिझेल घालणं, पाणी आणणं, स्वयंपाक हेही त्याच मोजक्या माणसांनी करायचं. पूर्वेकडच्या डोंगरात पावसाळ्यात दरड कोसळली की केबल तुटते, वीज पडली की सेट जळतात, हिवाळ्यात एरियलवर बर्फ साचून तो वाकतो. वातावरण बिघडतं तेव्हाच दुवा तुटतो, आणि तेव्हाच यजमानांना बाहेर पडावं लागतं. म्हणजे तुम्हाला ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त काळजी वाटते, नेमका तोच आठवडा त्यांच्या हातात फोन नसण्याचा असतो. त्यांचं तुमच्यावरचं लक्ष उडालंय असा अर्थ त्यातून काढू नका.

नंबर बदलतो तो बहुतेक वेल्फेअर फोनमुळे, म्हणजे जवानांच्या सामाईक फोनमुळे. मागे रांग असते, म्हणून दोन-तीन मिनिटं. एवढ्या वेळात "जेवलात का, बरे आहात का" यातच फोन संपतो आणि ठेवल्यावर दोघांनाही रितं वाटतं. फोनशेजारी एक वही ठेवा. ज्यात त्यांचं "हो" किंवा "नाही" लागणार आहे ते सगळ्यात वर लिहा: फी भरायची का, वाटेकऱ्याला किती द्यायचे, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी करायची का. त्याखाली मुलांची एखादी गंमत. फोन आला की आधी वरचं, मग मुलं, मग तुम्ही दोघं. तक्रार आणि रडू फोनवर आणायचं नाही असं आम्ही म्हणणार नाही, पण मोठ्या गोष्टी पत्रात लिहा. पत्रं अजून जातात. आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि मार्फत ९९ एपीओ, एवढंच लिहायचं. गावाचं किंवा राज्याचं नाव घालायचं नाही. ९९ एपीओची टपाल कोलकात्याच्या बेस पोस्ट ऑफिसातून वाटली जाते, तुम्हाला ठिकाण माहीत असण्याची गरजच नाही. मुलीने काढलेलं चित्र पत्रातून गेलं तर ते डेटवरच्या भिंतीवर महिनोन् महिने राहतं. फोनवरची दोन मिनिटं तशी राहत नाहीत.

आठ दिवस फोन आला नाही तर कुणाला विचारायचं हे आधीच ठरवून ठेवा. पुढच्या फोनवर दोन नंबर मागा: युनिटच्या अॅडज्युटंटचा (युनिटचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याचा) आणि सुभेदार मेजर साहेबांचा. रोज खुशाली विचारायला हे नंबर नाहीत. घरी खरंच काही घडलं तर निरोपात त्यांचा आर्मी नंबर, रँक, नाव, कोण आजारी आहे, कुठल्या दवाखान्यात, डॉक्टर काय म्हणाले, आणि त्यांनी येणं गरजेचं आहे की नुसतं कळवायचं आहे, एवढं सांगा. दवाखान्याचा कागद जोडा. निरोप साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही धाडता येतो. एक मात्र कटाक्षाने पाळा: "आई सीरियस" असा खोटा निरोप कधीही नाही. युनिट पोलीस ठाण्याकडून किंवा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पडताळणी करतं. एकदा खोटं निघालं की पुढे खऱ्या वेळीही शंका घेतली जाते, आणि त्या डेटवरचे बाकीचे दोघे मधल्या मध्ये १२-१२ तास भरत बसतात.

आता मुलाचा फोटो. यजमान चिडले ते चुकीच्या सुरात, पण कारण खरं आहे. जुलै २०२० मध्ये सेनेने जवानांना ८९ अॅप्स फोनमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. सिग्नलवाल्याच्या बाबतीत धोका दुप्पट, कारण त्याच्या मागे सहसा त्याचं काम उभं असतं. फोटोत चेहऱ्यापेक्षा मागचा एरियल जास्त बोलतो. त्याच्या लांबीवरून आणि आकारावरून सेट कोणत्या पट्ट्यातला असेल याचा जाणकाराला अंदाज येतो. बाहीवरचं फॉर्मेशन चिन्ह, गाडीचा नंबर, डोंगराची रेघ, हे सगळं जुळवून ठिकाण काढणारी माणसं आहेत. मुलाला हे असंच समजावून सांगा, एवढा मोठा तो झाला आहे. "बाबांचा फोटो घराच्या भिंतीवर लाव, फोनवर नको," म्हटलं की त्याला नकारातलं कारण दिसेल. तुमच्या आणि सासूबाईंच्या फोनवरचं लोकेशन बंद ठेवा. "आमच्या यांची बदली अमुक ठिकाणी झाली", "अमुक तारखेला सुट्टीवर येणार" असं स्टेटस ठेवू नका. आणि कुणी फोन करून "मी हेडक्वार्टरमधून मेजर अमुक बोलतो, तुमच्या मिस्टरांचा युनिट नंबर सांगा" म्हणालं तर काहीही न सांगता फोन ठेवा. खरा अधिकारी जवानाची माहिती त्याच्या बायकोकडे मागत नाही, ती त्याच्या समोरच्या रजिस्टरमध्ये असते.

रात्री दोनला उठून बसण्याबद्दल. बहुतेक वेळा ती शिफ्टची सवय असते, शरीराला वेळ लागतो. सुट्टीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत बँक, तहसील, पाहुणे, जत्रा काहीच ठेवू नका. त्यांना झोपू द्या, मुलांबरोबर असू द्या. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. ती एकदम न काढता तुकड्यांत काढायची असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच, डेटवरच्या इतरांशी जुळवून ठरवावं लागतं. मात्र पंधरा दिवसांनंतरही झोप लागत नसेल, दचकणं, दारू वाढणं, मुलांवर हात उगारणं असं काही असेल तर लाज न बाळगता लष्करी रुग्णालयात दाखवा. कानाचंही विचारा. वर्षानुवर्षं हेडसेट लावणाऱ्यांच्या कानात गुणगुण राहते, एका कानाने कमी ऐकू येतं, आणि ते स्वतः मात्र "मला ऐकू येतं" म्हणत राहतात. टीव्हीचा आवाज वाढवतात का, तुम्ही मागून बोललात तर कळतं का, बघा. असेल तर ऑडिओमेट्री करून ती नोकरीतच कागदावर यायला हवी. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डात आधीची नोंद नसेल तर "हे नोकरीमुळे झालं" हे पुढे सिद्ध करताना फार वणवण होते.

आता पेन्शन. आमचं मत आधीच सांगतो: आत्ता अर्ज टाकू नये.

नीट समजून घ्या, कारण पहिल्या नजरेला यजमानांचा हिशेब बरोबर दिसतो. जवानाला १५ वर्षांनंतर पेन्शन मिळते, आणि ती शेवटच्या मूळ वेतन अधिक मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) यांच्या निम्मी असते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात हवालदार लेव्हल ५ वर. समजा त्यांचं मूळ वेतन ३९,२०० आहे. त्यात एमएसपीचे ५,२०० मिळवले तर ४४,४००, त्याच्या निम्मे २२,२००, आणि त्यावर महागाई दिलासा. एक्स गटात, म्हणजे तांत्रिक पात्रतेसाठी जादा वेतन मिळणाऱ्या गटात, असतील तर ते गट वेतनही बेरजेत धरा. खरा आकडा त्यांच्या पे स्लिपवर बघा. आठव्या वेतन आयोगाने तक्ता बदलला तर हीच रीत नव्या आकड्यावर लावा. तर २२,२०० पेन्शन आणि ३५,००० चाकणचे, मिळून ५७,२००. आजच्यापेक्षा बरं की, असं कुणालाही वाटेल.

पण पुढे बघा. हवालदाराची ठरलेली सेवा २४ वर्षांची, छाननीत बसले तर आणखी २ वर्षं. १७ वरून २४ पर्यंत वर्षाला एक वेतनवाढ धरली तर ३९,२०० चे ४८,२०० होतात. २४ व्या वर्षी एमएसीपीची, म्हणजे बढती नसतानाही ठरावीक वर्षांनी वेतन वाढवणाऱ्या योजनेची, तिसरी पायरी मिळाली तर लेव्हल ६ वर ५०,५००. पेन्शन २७,८५०. म्हणजे आजच्या मानाने महिन्याला ५,६५० चा फरक, त्यावर महागाई दिलासा, आणि तो आयुष्यभर, पुढे कुटुंब निवृत्तिवेतनातही. ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीला महागाई भत्त्यासह वेतनाच्या एक चतुर्थांश या हिशेबाने असते. सात वर्षं कमी म्हणजे चौदा सहामाह्या कमी, आणि वेतनही कमी.

सगळ्यात मोठी गोष्ट कंपनीतली माणसं सांगणार नाहीत, आणि कित्येकदा युनिटमधल्या मित्रांनाही नीट माहीत नसते. वन रँक वन पेन्शनच्या (ओआरओपी, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशात स्पष्ट लिहिलं आहे की यापुढे जे स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज घेतील त्यांना ओआरओपीचा लाभ नाही. १ जुलै २०१४ पासून लागू झालेल्या या योजनेत १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ ला पेन्शन नव्याने ठरली. दर पाच वर्षांनी जुना पेन्शनर नव्याच्या बरोबरीला येतो. स्वतः अर्ज करून आलेला तिथेच राहतो. यावर न्यायाधिकरणात वाद झाले आहेत, पण त्या भरवशावर अर्ज टाकायचा नसतो. ३७ व्या वर्षी पेन्शन येणाऱ्याला पुढे कितीदा पाच वर्षं मोजायची आहेत ते पाहा.

कम्युटेशनचंही, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याचंही, ऐका, कारण पेन्शन आलेल्या प्रत्येक घरात पहिला मोह तोच असतो. पेन्शनच्या निम्म्यापर्यंत रक्कम विकता येते. २२,२०० पैकी ११,१०० विकले तर या वयाला वर्षभराच्या रकमेला साधारण ९ च्या गुणकाने बारा लाखांच्या आसपास हातात येतात, आणि पुढची १५ वर्षं मूळ पेन्शन ११,१०० च उरते. महागाई दिलासा मात्र पूर्ण २२,२०० वरच मिळतो. घर बांधायला काढले तर काढले, पण हा पैसा धंद्यात किंवा भावकीच्या व्यवहारात घालू नका.

आणि चाकण. कोरेगावाहून चाकणला रोज जाऊन येणं होत नाही. म्हणजे तिकडे खोली, डबा आणि रविवारी घर. नेटवर्क किंवा टॉवर देखभालीचं काम असेल तर तिथेही रात्रपाळी. रेशन गेलं, मुलांचा शिक्षण भत्ता गेला, खोलीचं भाडं आलं. ज्या कारणासाठी ते लष्कर सोडायला निघालेत, त्यातलं एकही कारण चाकणला सुटत नाही. तुम्हाला ते घरी हवे आहेत, आणि या नोकरीने ते घरी येत नाहीत. हे त्यांना याच शब्दांत विचारा.

मग काय करायचं? फील्डचा हा काळ ठराविक असतो, त्यानंतर साधारणपणे पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब नेता येतं अशी छावणी. पुढची बदली पीसला आली की तुम्ही त्यांच्याबरोबर जाण्याचा विचार आत्तापासून करा. आम्हाला तो जास्त योग्य वाटतो. जबलपूर असो, महू असो की पुणे, तिथे पोहोचल्याच्या दिवशीच क्वार्टरचा अर्ज गेला पाहिजे, कारण यादी लांब असते. क्वार्टर मिळेपर्यंत बाहेर भाड्याने राहायची परवानगी मागता येते. कायमच्या बदलीवर कुटुंब नेलं की सामानाचा खर्च आणि मूळ वेतनाच्या ८० टक्के कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते, पण कुटुंब ठरलेल्या मुदतीत हलवलेलं आणि तिकिटं, पावत्या जपलेल्या असाव्यात. बदलीच्या गडबडीत पावत्या ट्रंकेच्या तळाशी जातात आणि क्लेम परत येतो. आत्ताच हलायचं असेल तर फील्डमधल्या जवानांच्या कुटुंबांसाठी पुण्यासारख्या स्टेशनवर वेगळी क्वार्टर असतात. अर्ज युनिटमार्फत जातो. सासूबाईंना घेऊन पुण्यात राहायचं की गावीच बरं, ते तुमच्या शेतीवर आणि त्यांच्या मनावर आहे.

मुलाचं वेळापत्रक यात आडवं येतं. आठवी संपून नववीच्या सुरुवातीला बदली आली तर नेता येईल. नववीतून दहावीत जाताना शाळा बदलू नका. मराठी माध्यमातून थेट केंद्रीय विद्यालयात दहावीला बसवणं त्याच्यावर अन्याय होईल. एक दार मात्र तुमच्या जिल्ह्यातच आहे. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातली पहिली, २३ जून १९६१ ला सुरू झाली. सहावी आणि नववीला प्रवेश असतो, परीक्षा एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते, आणि सेवेतल्या व माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. नववीसाठी ३१ मार्चला वय १३ ते १५ च्या आत हवं. मुलाला आवड असेल तर यंदाच्या अर्जाची तारीख चुकवू नका. नसेल तर बळजबरी नको. घरातला एक माणूस वर्दीत आहे म्हणून दुसऱ्यावर ती लादली जाऊ नये.

शिक्षण भत्ता घेता का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतो. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक मुलामागे महिन्याला २,८१२.५० रुपये, दोन मुलांसाठी. दोघांचे मिळून वर्षाला ६७,५०० होतात. शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला लागतो, आणि मुलांचा जन्म पार्ट टू ऑर्डरने (जवानाच्या नोंदीत बदल करणाऱ्या युनिटच्या आदेशाने) नोंदलेला लागतो. दाखल्यावर मुलीचं नाव वेगळं आणि लष्करी नोंदीत वेगळं असेल तर क्लेम तिथेच अडकतो.

सासूबाईंच्या गुडघ्यासाठी यजमानांनी लष्कर सोडायची गरज नाही. उलट नोकरीत असतानाच तो रस्ता सरळ आहे. त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० अधिक महागाई भत्ता या मर्यादेच्या आत असेल आणि त्या तुमच्यावर अवलंबून असतील, तर त्यांची नोंद अवलंबित म्हणून करून युनिटमधून कार्ड काढा. तलाठी किंवा तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि किंड्रेड रोलमध्ये (जवानाच्या नातेवाइकांच्या लष्करी यादीत) त्यांचं नाव लागतं. मग पुण्याचं कमांड हॉस्पिटल आहे, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे. सांध्यांच्या शस्त्रक्रियेला तिथे वाट पाहावी लागते, म्हणून कार्ड आलं की लगेच ओपीडीत नाव घालून ठेवा. आजार वाढला आणि सांभाळायला कुणीच नसेल तर घराजवळच्या बदलीसाठी अनुकंपा कारणावर अर्ज करता येतो. तो यजमानांनी कमांडिंग ऑफिसरमार्फत करायचा. तो जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्डकडे, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, जातो आणि कागदांची पडताळणी जिल्ह्यातून होते. जागा असेल तर आणि मर्यादित काळासाठी अशी बदली मिळते. निवृत्तीआधीच्या शेवटच्या टप्प्यात घराजवळची जागा मागण्याची सोय वेगळी आहे, ती या अर्जाने आधीच खर्ची पडणार नाही ना, हे रेकॉर्डकडून विचारून घ्या.

उरलेल्या वर्षांत यजमानांनी दोन कामं करावीत. एक, कॅडर (बढतीसाठीचा कोर्स) आणि मेडिकल कॅटेगरी सांभाळून नायब सुभेदारीचा प्रयत्न. लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, एकही नोंद नको, एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) नीट हवेत. दुसरं, बाहेर उपयोगी पडेल असं शिक्षण. वायरलेस, फायबर जोडणं, ओटीडीआरने (फायबर तपासणाऱ्या यंत्राने) दोष शोधणं, बॅकअप वीज, हे त्यांना येत असेल, पण बाहेरच्या माणसाला कागद लागतो. कोर्सची प्रत्येक नोंद डिस्चार्ज बुकात जाते आहे ना, ते बघत राहा. सेवा संपत आली की पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या, तांत्रिक अट नसलेल्या जागांसाठी पात्र धरलं जातं, आणि वयातून सेवेची वर्षं अधिक ३ वजा होतात. महाराष्ट्रात पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को आहे. सिग्नलच्या माणसाला गावाजवळ काम मिळणं शक्य आहे. चाकणची आजची नोकरी शेवटची संधी नव्हे.

राहिलं तुमचं नाव, आणि याला आम्ही किरकोळ म्हणणार नाही. पेन्शन आता स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरून प्रयागराजच्या कार्यालयातून चालते. तिथे जवानाच्या पेन्शन कागदावर पत्नी म्हणून जे नाव आणि जन्मतारीख चढते, ती रेकॉर्डमधून येते. ती आधार आणि बँकेशी जुळली नाही तर यजमान असेपर्यंत कुणाला कळतही नाही. कळतं ते बाईवर वेळ आल्यावर. मग महिनोन् महिने हेलपाटे. "देवी" हे उत्तरेकडच्या रिवाजाने पुष्कळ मराठी बायकांच्या नावापुढे लागलेलं आहे, तुमची एकटीची चूक नाही.

आधी ठरवा, कोणतं नाव पक्कं ठेवायचं. आमच्या मते आधारवरचं, कारण मुलांच्या दाखल्यांशी ते जुळत असेल. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून रेकॉर्डशी जुळवायला आधारवर "देवी" लावून घेण्याची चूक करू नका. बँकेतलं माहेरचं नाव विवाह नोंदणीचा दाखला देऊन बदला, हे तुम्ही एकट्या करू शकता. विवाह नोंदणी नसेल तर ग्रामपंचायतीतून तो दाखला आधी काढा. मग "नोंदीतली आणि आधारवरची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर. नावात बदल मागायचा असल्याने दोन वर्तमानपत्रांत, एक मराठी आणि एक इंग्रजी, जाहिरात द्यावी लागते. प्रतिज्ञापत्रात जुनं आणि नवं दोन्ही नावं, यजमानांचा आर्मी नंबर आणि रँक, तुमची जन्मतारीख, सगळं अक्षरशः जसंच्या तसं हवं. जाहिरातीत एक अक्षर चुकलं तरी कागद परत येतो, म्हणून छापण्याआधी प्रूफ वाचून घ्या. वर्तमानपत्राचं पूर्ण पान जपून ठेवा, कात्रण नको. सगळं यजमानांकडे पाठवा. ते युनिटच्या ऑफिसात देतील, तिथून पार्ट टू ऑर्डर निघून रेकॉर्डला जाईल. पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख त्यांच्याकडून मागून वहीत लिहा. तो नंबर हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका. सेवेत असताना हे युनिटचा क्लार्क करतो, निवृत्तीनंतर हेच काम तुमच्या पायांनी करावं लागतं.

त्याच पत्रातून त्यांना पगाराच्या खात्यात तुमचं नाव जोडायला आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नामनिर्देशन तपासायला सांगा. लग्नाआधी भरती झालेल्या पुष्कळांच्या फॉर्मवर अजून वडिलांचं किंवा आईचंच नाव असतं.

पुढच्या सुट्टीत, पहिले पाच दिवस सोडून, एका दुपारी दोघं बसा. पे स्लिप, वही आणि वरचे आकडे समोर ठेवा. भावालाही बोलवा, सासूबाईंनाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी मात्र सुट्टीची वाट पाहू नका, ग्रामपंचायतीत या आठवड्यातच जा.